पडद्यामागच्या आवाजांना मज्जाव का?

एस. वाय. बी. ए.

आंतरविद्यापीठीय युवक महोत्सवाचे नियम ज्यांनी वाचले असतील त्यांना ठाऊक असेल, की सुगम गायनाच्या स्पर्धेत गीत, गझल, भजन, अभंग गाता येतो. चित्रपटगीत मात्र गाता येत नाही. हा नियम फारसा कुणाला खटकत नाही. खटकू नये अशीच आपली समजूत घडविलेली असते. चित्रपटगीत म्हणजे करमणूक, चित्रपटगीत म्हणजे पानपट्टीवरचा गोंगाट, चित्रपटगीत म्हणजे लग्नातला बॅन्ड! सुसंस्कृत माणसाने ते घरी खुशाल गुणगुणावे, पण व्यासपीठावर आणू नये, असा हा संकेत आहे. या संकेताशी मला थोडे भांडायचे आहे.

पहिला आक्षेप असा, की हे संगीत हलके आहे. यावर सोपे उत्तर देता येईल. ‘बैजू बावरा’साठी (१९५२) उस्ताद अमीर खाँ आणि पंडित द. वि. पलुस्कर गायले. ‘बसंत बहार’मध्ये (१९५६) पंडित भीमसेन जोशी मन्ना डे यांच्याबरोबर गायले. ‘मुगल-ए-आझम’साठी (१९६०) बडे गुलाम अली खाँसाहेबांनी आवाज दिला. पण या उत्तरावर मी थांबणार नाही. कारण त्याचा अर्थ असा होईल, की खाँसाहेबांचा पाय लागला म्हणून ते घर पवित्र झाले. माझे म्हणणे वेगळे आहे. त्या घरात रोज राबणारी माणसेही कलावंतच होती, आणि त्यांची कला निराळी होती.

त्या काळच्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. ख्यालगायकाला जिथे राग मांडायला अर्धा तास असतो, तिथे पार्श्वगायकाला तीन मिनिटांत मुखडा, दोन-तीन अंतरे आणि एका माणसाचे सारे सुख-दुःख बसवावे लागे. वादक आणि गायक एकाच वेळी मायक्रोफोनपुढे उभे राहत. एकाची चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून! आणि एवढे करून गायचे ते दुसऱ्याच्या ओठांसाठी. नायिका सोळा वर्षांची असो की विधवा असो, नायक खेडूत असो की शायर असो, आवाजाने त्याचे होऊन जायचे.

ही विद्या कुणाला आयती मिळालेली नव्हती. लता मंगेशकरांच्या आरंभीच्या दिवसांतली हकिकत प्रसिद्ध आहे. मराठी मुलीच्या उर्दूला डाळभाताचा वास येतो, अशा अर्थाचे काहीतरी दिलीपकुमार यांनी त्यांच्यापुढे बोलून दाखविले. शाळेचे शिक्षण जवळजवळ न झालेल्या या मुलीने मग उर्दू शिकविणारे गुरुजी शोधले आणि उच्चार घासूनपुसून घेतले. आज त्यांचे उर्दू उच्चार नमुन्यादाखल दाखविले जातात. ज्यांच्या बोलण्याला गावाचा वास येतो म्हणून वर्गात कधी हशा पिकला असेल, त्यांनी ही हकिकत लक्षात ठेवावी. तलत महमूद यांचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. त्यांच्या आवाजातला कंप अनेकांना दोष वाटे. अनिल विश्वास यांनी ‘आरजू’साठी (१९५०) त्यांना गायला बोलाविले आणि तो कंप जपायला सांगितले. तोच कंप पुढे तलतची ओळख ठरला. काय घासून काढायचे आणि काय जपायचे, हे कळणे म्हणजेच शिक्षण नव्हे का?

दुसरी गोष्ट मला अधिक जिव्हाळ्याची वाटते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. मैफल, सवाई गंधर्व महोत्सव, घराणे हे शब्द मी इथे आल्यावर ऐकले. मग आमच्या घरी संगीत नव्हते काय? होते, आणि दिवसभर होते. वडिलांचे शिवणकामाचे छोटे दुकान आहे. तिथे शिलाई यंत्राइतकाच रेडिओ जुना आहे आणि त्यावर विविध भारती लागलेली असते. निवेदक गाण्याआधी चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार यांची नावे सांगतात. ती ऐकून ऐकून नववीत शाळा सुटलेल्या माझ्या वडिलांना हेमंतकुमारचा खर्ज आणि तलतचा कंप पहिल्या ओळीत ओळखता येतो. नट कोण हे ते कधी विचारीत नाहीत. एकदा मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, “अगं, शर्टाचं कापड सगळे बघतात, शिलाई कोण बघतं? पण अंगावर बसतं ते शिलाईमुळं.”

हा रेडिओही भांडणाशिवाय मिळालेला नाही. १९५२ साली केंद्रीय नभोवाणी मंत्री झालेले डॉ. बा. वि. केसकर हे आपले मराठी गृहस्थ. त्यांना चित्रपटसंगीत हिणकस वाटे. आकाशवाणीवरून ते जवळजवळ हद्दपार झाले. लोकांनी काय केले? त्यांनी रेडिओची सुई सिलोनवर नेली! त्याच वर्षाच्या अखेरीस ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानी यांचा आवाज घराघरांत पोहोचला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने विविध भारती सुरू केली. मंत्र्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही; शास्त्रीय संगीत सर्वांपर्यंत जावे ही त्यांची तळमळ खरी होती. पण लोकांच्या आवडीला आधी कमी लेखून मग तिला वळण लावता येत नाही. आपल्या स्पर्धेच्या नियमात मला तीच १९५२ ची चूक दिसते.

मात्र आपल्या बाजूनेही एक अपराध होतो, तोही सांगितला पाहिजे. आपण गाणे घेतो आणि माणसे विसरतो. ‘महल’ (१९४९) या चित्रपटातल्या खेमचंद प्रकाश यांच्या त्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे छापले होते. कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचे नाव! गाणाऱ्या लताबाई तेव्हा जेमतेम वीस वर्षांच्या, म्हणजे आपल्याच वयाच्या होत्या. १९५७ साली फिल्मफेअर समारंभात गाण्यास त्यांनी नकार दिला, कारण पुरस्कारांत पार्श्वगायकाला स्थानच नव्हते. १९५९ साली तो पुरस्कार सुरू झाला आणि ‘मधुमती’साठी पहिला त्यांनाच मिळाला. पुढे गायकालाही रॉयल्टी मिळावी या त्यांच्या मागणीवर मोहम्मद रफी यांचे मत वेगळे पडले आणि काही वर्षे ही दोघे एकत्र गायली नाहीत. गायकाच्या रॉयल्टीच्या हक्काला कायद्यात स्पष्ट जागा मिळाली ती २०१२ च्या दुरुस्तीने. तोवर गीता दत्त, मुकेश, रफी, किशोरकुमार, हेमंतकुमार, तलत सारे निघून गेले होते. वादकांची कथा तर याहून मुकी आहे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना बांधणारे सेबॅस्टियन डिसोझा, प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविणारे अँथनी गोन्साल्विस ही गोव्याची माणसे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? आज मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरतो. त्यावर नाचणाऱ्याचे नाव असते. गाणाऱ्याचे, लिहिणाऱ्याचे नसते. ‘कामिनी’ अजून संपलेली नाही.

म्हणून ‘जुने ते सोने’ हे वाक्यही मला पुरेसे वाटत नाही. जुन्यातही टाकाऊ पुष्कळ होते. काळाने ते गाळले म्हणून उरलेले सगळेच सोन्यासारखे दिसते. उसासे टाकणे म्हणजे रसग्रहण नव्हे. एकच संगीतकार घ्यावा आणि त्याची गाणी दोन गायकांच्या आवाजात लागोपाठ ऐकावी. श्वास कुठे घेतला, शब्द कुठे तोडला, कुठे नुसता सोडून दिला, हे पाहावे. कवितेच्या तासाला आपण दुसरे काय करतो?

नियमाच्या बाजूनेही एक मुद्दा आहे, आणि तो योग्य आहे. चित्रपटगीताला मुभा दिली की स्पर्धेत नुसती नक्कल होईल, दहा लता आणि दहा किशोर उभे राहतील. होईल खरे. पण नक्कल अभंगाचीही होते. रेकॉर्डवरचा अभंग हरकतीसकट उचलणारे काय कमी आहेत? नकलेला गुण देऊ नयेत, गाण्याला बंदी कशाला?

विद्यापीठाचा नियम आपल्या हाती नाही, पण आपले स्नेहसंमेलन आपल्या हाती आहे. यंदा तिथे एक चित्रपटगीत स्पर्धा घ्यावी, अशी माझी सूचना आहे. अट एकच : प्रत्येक स्पर्धकाने गाण्याआधी मूळ गायक, गीतकार, संगीतकार यांची नावे सांगावीत, आणि सापडल्यास वादकांचीही. ती कुठून शोधायची, असे कुणी विचारील, तर ग्रंथालय आहे, इंटरनेट आहे. आणि तिथेही नाही सापडली तर आपापल्या घरी विचारावे. ज्यांनी पदवीचे तोंड पाहिले नाही अशा कितीतरी माणसांना ती तोंडपाठ आहेत. निदान या एका विषयात तरी त्यांना परीक्षक म्हणून बोलवायला काय हरकत आहे?