आबांचा टीव्ही आणि माझी डबी

दिवाळीला गावी जाताना काय न्यायचं, हा आमच्या ऑफिसातला ऑक्टोबर महिन्याचा नॅशनल प्रॉब्लेम. ड्रायफ्रूटचा डबा नेला तर तो पाहुण्यांतच फिरतो. साडी नेली तर ‘कशाला एवढी भारी’. म्हणून या वेळी मी एकदम स्मार्ट मुलगा झालो आणि अडीच-तीन हजारांत मिळणारी टीव्हीची स्ट्रीमिंग स्टिक उचलली. एका नामवंत कंपनीची, पण त्यांच्या खानदानातली सगळ्यात धाकटी. फंडा सिंपल होता. आई-आबांचा बत्तीस इंची टीव्ही जुना असला तरी चांगला आहे, त्याला मागून ही डबी खोचली की झाला स्मार्ट!

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, सोलापूर-हैदराबाद हायवेवर नळदुर्ग सोडून उमरग्याकडे निघालं की आत वळावं लागतं. (नाव २०२३ मध्ये बदललं. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर उस्मानाबादच आहे, आणि गावातले म्हातारे दोन्ही नावं एकाच वाक्यात वापरतात.) बॉक्स उघडल्यावर आबांनी स्टिक हातात घेऊन उलटसुलट केली.

“पेनड्राइव्ह हाय का?”

“नाही आबा, ह्याच्यात सगळे पिक्चर येतात.”

“ह्याच्यात? कुठनं येतात?”

प्रश्न बरोबर होता, हे मला महिन्याभरानं कळलं.

आधी जोडणीचं सांगतो, कारण तिथंच अर्धी दिवाळी गेली. टीव्ही भिंतीला इतका चिकटून की स्टिक मागं शिरेना. बॉक्समध्ये बोटभर लांबीची एचडीएमआयची एक्स्टेंशन वायर असते, ती फेकू नका, तिनंच काम झालं. मग मी शहाणपणा करून टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमधून करंट दिला. जुन्या टीव्हीचा हा पोर्ट साधारण अर्धा अँपिअर देतो, स्टिकला लागतो एक. त्यामुळे बाईसाहेब दर दहा मिनिटांनी बंद पडून नव्यानं चालू. शेवटी सोबतचा अ‍ॅडॉप्टर लावला, तोही आईच्या मिक्सरच्या बोर्डात. चटणी वाटायची असेल तर सिनेमा बंद, असा घरचा करार झाला. तुमच्याकडे डब्यासारखा जुना टीव्ही असेल, मागं फक्त लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिना, तर या भानगडीत पडूच नका.

एकदा लागली मात्र, आणि बॉस, काय चित्र! बत्तीस इंचाला फुल एचडी पुरून उरतं, फोर-केसाठी जास्त पैसे घालणं म्हणजे बैलगाडीला अलॉय व्हील. १ जीबी रॅम आणि ८ जीबी जागा, म्हणजे अ‍ॅप उघडायला वेळ लागतो आणि सातआठ अ‍ॅप टाकली की जागा संपते. पण आईला तीनच लागतात. रिमोटवर मोजकी बटणं आणि एक माइक. मेनू इंग्रजी-हिंदीत, त्यामुळे मला वाटलं आई हात लावणार नाही. तिनं माइकचं बटण दाबून ‘तुळजाभवानीची आरती’ म्हटलं, यूट्यूबनं पटकन ढीगभर आरत्या समोर टाकल्या, आणि त्या क्षणापासून रिमोट आबांच्या हातून गेला तो गेलाच.

या वर्गातल्या वस्तूंचा इतिहास फार जुना नाही. गुगलनं २०१३ मध्ये ३५ डॉलरचं क्रोमकास्ट काढलं, तिथून ही डबी-संस्कृती सुरू झाली (२०२४ मध्ये त्यांनी त्याचं उत्पादन बंदही केलं). अमेझॉनची फायर स्टिक भारतात २०१७ मध्ये आली तेव्हा ३,९९९ रुपयांना होती. २०२० मध्ये तिची ‘लाइट’ बहीण २,९९९ ला आली, तिच्या रिमोटवर टीव्हीचा आवाज कमी-जास्त करायचं बटणच नव्हतं. म्हणजे हातात दोन रिमोट. घेण्याआधी हे एवढं नक्की बघा, आई-वडिलांसाठी ते रॅमपेक्षा महत्त्वाचं आहे. ‘चार हजार चॅनल आयुष्यभर फुकट’वाले बिननावाचे बॉक्स मात्र नकोत. बरीच अ‍ॅप त्यांच्यावर एचडी देतच नाहीत, आणि अशा काही बॉक्समध्ये कारखान्यातूनच व्हायरस घालून येत असल्याचा इशारा २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं दिला होता.

आणखी एक गोम. स्टिकची किंमत म्हणजे नुसतं तिकीट, जेवणाचे पैसे वेगळे. झी मराठीच्या सिरियल झी-फाइव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर. म्हणजे एका सासूसाठी एक वर्गणी, दुसऱ्या सासूसाठी दुसरी. रिचार्जसोबत मिळालेली वर्गणी टीव्हीवर चालते का हेही तपासा, नेटफ्लिक्सचा स्वस्त मोबाइल प्लॅन तर फोन-टॅबपुरताच आहे.

तरी मी खूश होतो. लाइट गेली तरी सिरियल जात नाही, आल्यावर जिथं थांबली तिथून पुढं, हे आईला जाम आवडलं. सोयाबीनच्या राशीच्या दिवसांत तर ती रात्री दहाला निवांत बघायची. मी पुण्याला परतलो.

आणि घरून व्हिडिओ कॉल येणं बंद झालं.

रोज रात्री साडेआठला आईचा कॉल यायचा. जेवलास का, भाजी कशाची केलीस, केस का वाढवलेत. कधी मीच ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून कापायचो. आता मी लावला तर चेहरा गोठलेला, आवाज तुटलेला. मी कंपनीला शिव्या घातल्या, टॉवरला घातल्या. दहा-बारा दिवसांनी साध्या फोनवर आबा म्हणाले, “आरं, टावर बरा हाय. तुझी डबीच सगळं नेट खायलीय.”

गणित मी करायला हवं होतं, मी इंजिनिअर! आमच्या घरी ब्रॉडबँड नाही, स्टिक आबांच्या फोनच्या हॉटस्पॉटवर. त्यांचा प्लॅन रोजचा दीड जीबी. नेटफ्लिक्सच्याच हिशोबानं एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत लागतात, म्हणजे दीड जीबीत अर्धा तास. बावीस मिनिटांच्या तीन सिरियल म्हणजे सव्वातीन जीबी. कोटा संपला की स्पीड ६४ केबीपीएस, त्यात लेकाचा चेहरा कुठला दिसणार? शिवाय आबा फोन घेऊन रानात गेले की टीव्ही मुका, म्हणून बिचारे संध्याकाळचे घरातच बसायला लागले होते.

१९७५-७६ मध्ये सीमेपलीकडच्या गुलबर्गा जिल्ह्यात ‘साइट’ प्रयोगात गावोगावी टीव्ही लावले होते. सिग्नल थेट उपग्रहावरून, अँटेना कोंबडीच्या जाळीचा, आणि एका सेटसमोर अख्खं गाव. डेटा किती गेला, हा प्रश्नच नव्हता. आजही डीडी फ्री डिशला (२००४ पासून) महिन्याचा रिचार्ज लागत नाही. छत्री काढू नका, हा माझा आताचा पहिला सल्ला. मी ती काढा म्हणालो होतो. आबांनी ऐकलं नाही, नशीब.

फोनवरूनच सेटिंग सांगितली. अ‍ॅपमधली क्वालिटी एचडीवरून साधीवर, तासाला १ जीबीच्या आत. बत्तीस इंचावर बाजेवरून फरक कळत नाही. होम स्क्रीनवर आपोआप सुरू होणारे ट्रेलर बंद, अ‍ॅपचे आपोआप अपडेट बंद. तीन सिरियल आता सव्वा जीबीच्या आत बसतात, थोडं उरतं. पहाटे मात्र नवा कोटा आलेला असतो हे आबांनी स्वतःच शोधून काढलंय, पाचला उठून ते कीर्तन लावतात. हायवेलगतच्या गावांत फायबर आलंय म्हणे, आमच्या गल्लीत आलं की जोडून घेऊ.

मग परवा रात्री साडेआठला कॉल आला. स्वच्छ, एकदम एचडी. मागं टीव्ही काळा.

“डबी बंद केलीय का?” मी विचारलं.

“व्हय, तुझा फोन झाल्याबिगर लावायची न्हाई म्हणलं,” आई म्हणाली. “आबा आडून बसलेत.”

मला काय बोलावं सुचेना. भाजी कशाची केली ते सांगितलं, केसांबद्दल ऐकून घेतलं. पाच मिनिटं झाली असतील, आईची नजर सारखी उजवीकडे, टीव्हीकडे.

“बरं, ठेव आता बाळा. काल लई मोक्याला थांबलंय.”