पत्ता तपासायला माणूस कशाला?

‘तुमच्यावर कोणीतरी पाळत ठेवून आहे’ अशी लाल चौकट दाखवून वर्गणी मागणाऱ्या अँटिव्हायरसच्या जाहिरातींना या आठवड्यात पुन्हा ऊत आला आहे. पाळत रोखण्यासाठी ‘अँटीट्रॅक’ नावाचं वेगळं उत्पादन विकणाऱ्यांत प्रागची अवास्टही आहे. म्हणजे जम्पशॉटवाली अवास्ट. या उपकंपनीमार्फत 2014 ते जानेवारी 2020 या काळात वापरकर्त्यांचा ब्राउझिंगचा इतिहास शंभराहून जास्त गिऱ्हाइकांना विकला गेला आणि तिथे आठ पेटाबाइटहून जास्त साठा जमला होता, असं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2024 मध्ये आपल्या तक्रारीत नोंदवलं. कुंपणानेच शेत खाल्लं, म्हणून विषय तिथेच मिटवण्याचा मोह होतो. पण कंपनीच्या बाजूने दिला जाणारा एक युक्तिवाद वजनदार आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. तो असा : वेबपान फसवं आहे का हे सांगायचं तर त्याचा पत्ता आम्हाला कळायलाच हवा. माहिती गोळा करणं हा आमच्या कामाचाच भाग आहे. चूक झाली असेल तर ती पुढच्या विक्रीत.

याच कामाची दुसरी रीत समोर ठेवली की हा युक्तिवाद टिकत नाही, आणि ती रीत गुगलची आहे. या स्तंभाच्या वाचकांना ठाऊक आहे की गुगलची बाजू घेणं हा काही माझा छंद नाही. तरीही क्रोममधलं ‘सेफ ब्राउझिंग’ कसं चालतं ते बघा. पूर्वी धोकादायक पत्त्यांची सांकेतिक यादी तुमच्याच संगणकावर उतरवली जाई. जुळणी सापडली तरच पत्त्याच्या हॅशचे पहिले चार बाइट तेवढे बाहेर जात, आणि अंतिम निकाल ब्राउझरमध्येच लागे. फसव्या साइट काही मिनिटांत उगवतात आणि मावळतात, तोवर यादी शिळी होते, हा आक्षेप रास्त होता. म्हणून 2024 पासून क्रोम तत्क्षणी विचारणा करतो, पण तेव्हाही हॅशचा तुकडाच पाठवतो, आणि तोही दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे, म्हणजे तुमचा आयपी पत्ता गुगलला दिसू नये. (‘वर्धित संरक्षण’ चालू केलंत तर मात्र पूर्ण पत्ता जातो. गुगल तो गुगलच.) आता अवास्टचं एक्स्टेन्शन. व्लादिमिर पालांत या सुरक्षा-संशोधकाने ऑक्टोबर 2019 मध्ये त्यातून बाहेर काय जातं ते उघडून दाखवलं. पानाचा पूर्ण पत्ता, पानाचं शीर्षक, आधीचं पान कोणतं, तुम्ही दुव्यावरून आलात की पत्ता टाइप करून, इथे पूर्वी आला होतात का, टॅबचा क्रमांक, आणि या सगळ्याला चिकटवलेला तुमचा कायमचा ओळखक्रमांक. तुम्ही पत्ता टाइप केला की बुकमार्कवर टिचकी मारली, यावरून बँकेची साइट खोटी आहे की खरी, हे कसं ठरतं? बाजार-संशोधकाला मात्र नेमकं हेच हवं असतं.

‘नाव आणि ईमेल काढून टाकले होते’ हा दुसरा बचाव. जानेवारी 2020 मध्ये मदरबोर्ड आणि पीसीमॅग यांनी जे नमुने छापले, त्यांत अमुक उपकरणाने अमुक सेकंदाला ॲमेझॉनवर आयपॅड खरेदीच्या टोपलीत टाकला, अशा धाटणीची नोंद होती. त्या सेकंदाला तो आयपॅड कोणी टोपलीत टाकला हे ॲमेझॉनच्या स्वतःच्या वहीत नावासकट असतंच. दोन वह्या शेजारी ठेवल्या की ओळखक्रमांकाला नाव मिळतं, आणि त्याच क्रमांकाखालची बाकीची सगळी भटकंतीही. चेक प्रजासत्ताकाच्या माहिती संरक्षण कार्यालयाने सुमारे दहा कोटी वापरकर्त्यांच्या माहितीवरून 35 कोटी 10 लाख कोरुना दंड केला, तो अशी ओळख पटू शकते हे मान्य करूनच.

राहिला ‘फुकट हवं तर किंमत मोजा’ हा नेहमीचा टोमणा. अमेरिकेत तडजोडीचे 1 कोटी 65 लाख डॉलर ठरले, आणि भरपाईला पात्र धरले गेले ते ऑगस्ट 2014 ते जानेवारी 2020 मध्ये पैसे देऊन अवास्ट घेणारे ग्राहक. म्हणजे किंमत मोजणारेही सुटले नव्हते, आणि फुकट वापरणाऱ्याला छदामही नाही. एव्हीजी या दुसऱ्या अँटिव्हायरस कंपनीने तर 2015 मध्येच आपल्या धोरणात सरळ लिहिलं होतं की शोध आणि ब्राउझिंगचा इतिहास आम्ही विकू शकतो. त्या खरेपणाबद्दल तिने शिव्या खाल्ल्या, आणि पुढच्याच वर्षी अवास्टने तिला विकत घेतलं.

‘आय ॲग्री’ या बटणावर मी आधीच बरीच शाई खर्च केली आहे, त्यामुळे संमतीचं तुणतुणं आज नाही. कसोटी गरजेची हवी. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ती आहे. टेलिमेडिसिनच्या ॲपने फोनमधले संपर्क मागितले आणि तुम्ही हो म्हटलंत, तरी सेवेला त्यांची गरज नसल्याने ती संमती तेवढ्यापुरती धरली जाणार नाही, असं उदाहरणच कायद्यात दिलेलं आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची सवलत आहे. ती संपल्यावर डेटा संरक्षण मंडळाने अशा कंपन्यांकडून खुलाशाचे कागद जरूर मागवावेत, पण त्याआधी एक्स्टेन्शन चालू करून त्यातून बाहेर काय जातं ते एखाद्या जाणकाराकडून मोजून घ्यावं. पालांतने तेवढंच केलं होतं, आणि त्यासाठी त्याला ना मंडळ लागलं ना नोटीस.