मैदानावरच्या टाळ्या कोण वटवतो?

आमच्या महाड-पोलादपूरकडे भाताची कापणी आटोपून शेते मोकळी झाली की कबड्डीचे सामने सुरू होतात. तळीयेपासून महाडपर्यंत रस्त्याच्या कडेला फलक झळकू लागतात. त्यांवर खेळाडूंची छायाचित्रे पोस्टाच्या तिकिटाएवढी आणि चषक देणाऱ्या पुढाऱ्यांची दाराएवढी! गेल्या हिवाळ्यात अशाच एका सामन्यात शेजारच्या वाडीतल्या पोराने एका चढाईत तिघांना बाद केले. माझ्याशेजारी बसलेले वयस्क गृहस्थ लगेच म्हणाले, "साहेब, याला आता पंचायत समितीला उभा करायला पाहिजे."

"कशासाठी हो?" मी विचारले.

"कशासाठी म्हणजे? समोरचा पडेल ना!"

या एका वाक्यात आपल्याकडच्या खेळाडू-उमेदवारांचे सारे राजकारण आले. माझे उभे आयुष्य बँकेत कर्जाच्या कागदांवर सह्या घेण्यात गेले. कर्ज उचलणारा एक असतो आणि त्याच्यासाठी आपली पत गहाण ठेवणारा जामीनदार दुसराच. जामीनदार बहुधा सरळ, गावात मान असलेला माणूस असतो. म्हणूनच त्याची सही हवी असते. नामवंत खेळाडूला पक्षाचे तिकीट मिळते तेव्हा मला तो जामीनदार आठवतो.

याचे आपल्या मातीतले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे बाळू पालवणकर. चर्मकार समाजात जन्मलेल्या या माणसाने पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची निगा राखली आणि सरावाला त्यांना गोलंदाजी केली. त्यांची डावखुरी फिरकी एवढी विलक्षण होती, की पुण्याच्या हिंदू संघाला त्यांना घ्यावेच लागले. पण घेतले ते कसे? मैदानात सारे एकाच चेंडूला हात लावत. चहाची वेळ झाली की इतरांना तंबूत कपबशी आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा. पुढे १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ मध्ये मिळाले धाकट्या भावाला, विठ्ठलला.

हे मातीचे भांडे आम्हा महाडकरांना परके नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले ते याच गावात. तंबूबाहेरचा चहा आणि तळ्यातले पाणी, अपमान एकच होता. बाळू पंधरा वर्षांनी वडील. तरुणपणी आंबेडकरांना या खेळाडूचा अभिमान होता. पण वाटा वेगळ्या झाल्या. बाळूंचा विश्वास गांधीजींच्या मार्गावर बसला. आंबेडकरांना अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ हवे होते, बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींच्या उपोषणादरम्यान जो पुणे करार झाला, त्यावर दोघांच्याही सह्या आहेत.

मग आली १९३७ची प्रांतिक विधानसभेची निवडणूक. मुंबईत आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे राखीव जागेवर उभे राहिले. त्यांना अडवायला काँग्रेसला माणूस हवा होता. तो असा हवा, की ज्याच्यावर दलित वस्तीत कोणी बोट ठेवू शकणार नाही. साठी गाठलेल्या बाळूंना उमेदवारी मिळाली. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. अंतर दोन हजार वीस मतांचे!

बाळू कोणाच्या हातचे बाहुले होते असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांची मते त्यांची स्वतःची होती. त्याआधी मुंबई महापालिकेच्या निवडणुकीतही ते हिंदू महासभेतर्फे उभे राहून हरले होते. पण त्यांना उभे करणाऱ्यांचा हिशेब निराळा होता. ज्या समाजाने त्यांना तंबूत बसवून चहा दिला नाही, त्याच समाजाच्या पुढाऱ्यांना कित्येक वर्षांनी त्यांच्या नावाची आठवण झाली, आणि तीही दुसऱ्या दलित नेत्याला पाडण्यासाठी. योगायोग पाहा. त्याच वर्षी, १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या खटल्यात आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला. महिन्याभरात एकाच माणसाच्या पदरात मतपेटीचा आणि न्यायालयाचा असे दोन कौल पडले. बाळू मात्र पुन्हा राजकारणात दिसले नाहीत. १९५५ मध्ये ते गेले.

आज तिकिटे वाटणाऱ्यांची रीत फारशी बदललेली नाही. २०२४च्या लोकसभेला बंगालमधल्या बहरामपुरात पाच वेळा निवडून आलेल्या अधीर रंजन चौधरींसमोर तृणमूल काँग्रेसने बडोद्याचा क्रिकेटपटू युसुफ पठाण उभा केला. समोरचा पडला. त्याच वर्षी हरियाणात जुलानातून विनेश फोगाट आमदार झाली. तीही कुस्तीचे नाव घेऊनच आली. पण त्याआधी २०२३ मध्ये ती महिला कुस्तीगिरांच्या तक्रारींसाठी दिल्लीच्या रस्त्यावर बसली होती. तिच्याजवळ स्वतःचा प्रश्न होता.

आपल्याकडे सांगलीचे संभाजी पवार आठवावेत. कुस्तीशौकिनांचा हा 'बिजली मल्ल' १९८६च्या पोटनिवडणुकीत वसंतदादांच्या बालेकिल्ल्यात जनता पक्षातर्फे निवडून आला आणि पुढे एकूण चार वेळा आमदार झाला. आखाड्यातले नाव एखादी निवडणूक जिंकून देईल. चार वेळा निवडून येणारा माणूस मधल्या काळात लोकांच्या दारात उभा असावा लागतो. सहकारातल्या मातब्बरांशी पवार वर्षानुवर्षे भांडले. पटले नाही तेव्हा पक्षही सोडला. त्यांची पत त्यांच्याच खात्यावर होती.

तेव्हा खेळाडूने राजकारणात येऊ नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. पराभव पचवणे, रोज पहाटे उठून अंग मोडून मेहनत करणे, पंचाचा निर्णय मानणे हे गुण आपल्या विधानसभेत जादा झालेले नाहीत! मतदाराने फक्त एक प्रश्न विचारावा: हा माणूस कोणाला पाडण्यासाठी उभा आहे, की काही करण्यासाठी?

हा प्रश्न मला सुचतो त्याला कारण आहे. २२ जुलै २०२१ रोजी तळीयेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. मुख्यमंत्र्यांपासून सारे येऊन गेले. गाड्या परतल्या, आणि पक्क्या घरांसाठी लोकांना वर्षे मोजावी लागली. अशा गावाला विधानसभेत टाळ्या मिळवणारा नको. फायलीमागे चिकाटीने फिरणारा हवा. तो पैलवान असो, कबड्डीपटू असो, नाहीतर शाळामास्तर.

सामना संपल्यावर तो चढाईबहाद्दर पोरगा चहाच्या टपरीवर भेटला. मी म्हटले, "काय रे, निवडणुकीला उभा राहणार म्हणतात?"

तो हसला. "काका, आधी आमच्या वाडीला रस्ता होऊ द्या. मग बघू."

माझ्या मते तो त्याच दिवशी उमेदवारीला पात्र ठरला. आता फक्त कोणाच्या जामिनाच्या कागदावर त्याने घाईने सही करू नये.