शेवटचा थांबा कुणाच्या लक्षात आहे?

विजेवरची गाडी म्हटलं की आपल्याला शेजारणीची हिरव्या पाटीची स्कूटर आठवते. पण आता तालुक्याच्या गावातल्या कंपन्याही आपल्या सगळ्या गाड्या टप्प्याटप्प्याने विजेवर न्यायचं म्हणू लागल्या आहेत. 'हा इंजिनिअर लोकांचा विषय, आपल्याला काय त्याचं?' असं म्हणून पान उलटू नका, मैत्रिणींनो. त्या गाड्यांमध्ये कामगारांची ने-आण करणारी बसही असते आणि तिच्या भरवशावर आपल्यातल्या कितीतरी जणी नोकरी करतात.

मी एमआयडीसीतल्या अशाच एका कंपनीत हिशोब बघते. आमच्याकडे गाड्या बदलायचा आराखडा आला, त्यात गाड्यांची संख्या होती, किमती होत्या, डिझेलची बचत होती. आणि एक ओळ होती, 'लांबचे दोन मार्ग बंद करावेत.' का, तर एकदा चार्ज केलेली बस सगळ्या फेऱ्यांना पुरणार नाही! कागदावर ते नुसते दोन मार्ग. प्रत्यक्षात त्या मार्गांवरून पॅकिंग विभागातल्या बायका येतात. रात्री अकराला पाळी सुटल्यावर त्यांच्या गावाकडे ना एसटी, ना रिक्षा. बस बंद झाली की घरून 'पुरे झाली आता नोकरी' हे ऐकायला कितीसा वेळ लागतो?

माझा विजेच्या गाड्यांना विरोध मुळीच नाही. धूर नाही, खडखडाट नाही, शिवाय डिझेलचा लिटर नव्वदच्या घरात. बदल हवाच. पण नियोजन गाडीच्या किमतीपासून नको, फेऱ्यांपासून सुरू करा, एवढंच माझं म्हणणं. आपण वाणसामान भरताना आधी घरात जेवणारी माणसं मोजतो, मग यादी करतो. तसंच हे.

त्यासाठी एक साधी वही पुरते. कोणती गाडी कधी निघते, किती किलोमीटर जाते, वाटेत घाट कुठे, किती वेळ नुसती उभी असते, हे महिनाभर लिहून काढायचं. गच्च भरलेली बस, चढ, एसी यांनी बॅटरी लवकर उतरते. म्हणून माहितीपत्रकातला आकडा न धरता आपल्या रस्त्यावर गाडी चालवून बघायची.

आमच्याच बसचं बघा. सकाळची पाळी सातला पोचवली की दुपारी दीडपर्यंत ती आवारात उभी! बॅटरी शंभर युनिटची धरली, तर सात किलोवॉटच्या साध्या चार्जरला चौदा तासांहून जास्त लागतील. पण तीस किलोवॉटचा चार्जर बसवला तर साधारण चार तासांत काम होतं. सौरऊर्जेमुळे आता दिवसाची वीज स्वस्त पडू लागली आहे. महावितरण तर जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांनाही सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर सवलत देतं. म्हणजे मधल्या वेळात चार्जिंग केलं, तर लांबचे मार्गही सांभाळता येतात. मात्र त्यासाठी मंजूर वीजभार वाढवून घ्यायचा अर्ज आधी करायला हवा. नाहीतर गाडी दारात आणि वीज कागदावर!

आपल्या एसटीकडूनही शिकण्यासारखं आहे. १ जून १९४८ला पहिली एसटी पुणे-नगर मार्गावर धावली आणि १ जून २०२२ला विजेवरची 'शिवाई'ही त्याच मार्गावर सुरू झाली. अंतर ठरलेलं, वेळ ठरलेली. सुरुवात अशीच करावी. पुढे ५,१५० विद्युत बस भाड्याने घ्यायचा करार झाला, पण त्या ठरल्या वेळेत आल्या नाहीत. यातून धडा एकच, नवी गाडी येऊन रुळेपर्यंत जुनी मोडीत काढू नका. एक डिझेल बस हाताशी ठेवाच. वादळवाऱ्यात दिवसभर वीज गेली, तर रात्रपाळीच्या बायकांना घरी कोण पोचवणार? बाईला रात्री कामावर बोलवायचं तर तिला सुखरूप घरी सोडणं ही कंपनीचीच जबाबदारी आहे. बॅटरी उतरली ही काही सबब होऊ शकत नाही.

म्हणून मला वाटतं, गाड्यांचा आराखडा करणाऱ्या बैठकीत साहेब लोकांबरोबर एक ड्रायव्हर हवा आणि बसने येणाऱ्या दोघी जणी हव्यात. कुठल्या वळणावर दिवा नाही, कुठे पावसाळ्यात पुलावरून पाणी जातं आणि वळसा पडतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

आमच्याकडचा आराखडा अजून मंजूर व्हायचा आहे. दोन्ही मार्गांच्या फेऱ्यांचा हिशोब मांडून मी तो साहेबांच्या टेबलावर ठेवला आहे. तुमच्या कंपनीत, तुमच्या लेकीच्या किंवा सुनेच्या कंपनीत असा बदल घाटत असेल, तर गप्प बसू नका. नव्या गाडीचं कौतुक जरूर करा, नारळही फोडा. पण त्याआधी विचारा, 'ही गाडी शेवटच्या थांब्यापर्यंत येणार ना?'