ऱ्हासाची तक्रार आणि प्रश्नपत्रिकेची भाषा

विद्यापीठीय विद्यार्थ्याला चार वाक्ये सुसंगतपणे लिहिता येत नाहीत, ही तक्रार मराठी विभागांतून इतक्या एकमताने केली जाते, की तिची चिकित्सा करण्याची निकड कोणाला भासत नाही. वस्तुतः ही तक्रार जवळजवळ विद्यापीठांइतकीच जुनी आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’चा आरंभच विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी मराठीच्या तत्कालीन स्थितीच्या चर्चेने केला. तेव्हा ‘पूर्वी चांगले लिहिले जात असे’ म्हणणाऱ्यांनी हे ‘पूर्वी’ नेमके कोणते, ते एकदा सांगितले पाहिजे. निवडक जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणीशी आजच्या सरसकट उत्तरपत्रिकांची तुलना करणे हा पुरावा नव्हे.

या तक्रारीत लेखन म्हणजे शुद्धलेखन असे गृहीत धरलेले असते. साहित्य महामंडळाच्या नियमांना १९६२ मध्ये शासनमान्यता मिळाली. त्यांचे पालन इष्टच आहे. परंतु ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मोजता येतात, विचाराचा अभाव मोजता येत नाही. म्हणून आरोपपत्रात पहिल्यांचीच नोंद होते.

खरा दोष प्रश्नपत्रिकेत आहे. ‘बालकवींच्या निसर्गकवितेची वैशिष्ट्ये सोदाहरण स्पष्ट करा’ या नमुन्याचा प्रश्न पाहावा. बालकवी निसर्गकवी आहेत, त्या कवितेला निश्चित वैशिष्ट्ये आहेत आणि ती उदाहरणांनी सिद्ध होतात, हे सारे प्रश्नातच ठरून गेलेले असते. विद्यार्थ्याने शंका घ्यावी, प्रतिपादन उभारावे, आक्षेपाला उत्तर द्यावे, यासाठी जागाच उरत नाही. उरते ती पाच मुद्द्यांची आणि दहा ओळींची भरती. ती गाईड अधिक नेटकेपणाने करते, म्हणून विद्यार्थी गाईडकडे वळतो. हा त्याचा आळस नव्हे, प्रश्नाचे अचूक आकलन आहे. पुढे संशोधनाच्या टप्प्यावर त्याच्याकडून अचानक स्वतंत्र प्रबंधाची अपेक्षा केली जाते आणि प्रबंधही ‘वैशिष्ट्यां’च्या प्रकरणांत विभागलेला निघाला, की मार्गदर्शकांना खेद होतो.

वाचन संपले, दूरदर्शनने आणि मोबाइलने भाषा बिघडवली, ही कारणे सोयीची आहेत. त्यांत अध्यापकाला काही करावे लागत नाही. शेरे लिहून निबंध परत देणे आणि तो पुन्हा लिहवून घेणे मात्र कष्टाचे असते.

प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेव्हापासून मराठवाड्यात ज्यांच्या घरात पूर्वी पुस्तक नव्हते असे विद्यार्थी उच्च शिक्षणात आले. त्या महाविद्यालयाच्या परिसरातून दलित साहित्याच्या चळवळीला बळ मिळाले, तेही प्रमाणभाषेच्या कसोटीला न जुमानता. ज्याच्या घरी ग्रंथसंग्रह आहे, तो वर्गाविनाही लिहायला शिकेल. ज्याला वर्गाखेरीज दुसरी जागा नाही, त्याला न शिकवता त्याच्या अपयशाला ‘ऱ्हास’ म्हणणे हे निदान नव्हे. तो जबाबदारीचा त्याग आहे.