वर्गणीदार आणि गर्दी

गेल्या पावसाळ्यात आमच्या संस्थेच्या वाचनगृहात नवोदित लेखकांसाठी एक मार्गदर्शनवर्ग झाला. विषय होता, ई-मेलवरून निघणारे आपले नियतकालिक स्वतंत्र लेखकाने कसे वाढवावे. विषयाच्या निवडीबद्दल आम्ही संयोजकांचे अभिनंदनच करू. परंतु तेथे जे सांगितले गेले त्यास विरोध केल्यावाचून आम्हांस राहवत नाही. बाहेरगावाहून आलेल्या वक्त्यांनी दोन तास एकाच शब्दाचा जप केला : संख्या. शीर्षक असे द्या की वाचकाला ते उघडावेच लागेल. रोज काही ना काही पाठवीत राहा. पहिली दोन वर्षे सारे फुकट द्या, आधी गर्दी जमवा, पैशाचे मागाहून पाहू. आणि मराठीत थोडी हिंदी, थोडी इंग्रजी मिसळा, म्हणजे बाजार मोठा होईल. समोरची तरुण मंडळी हे सारे टिपून घेत होती आणि मागच्या खुर्च्यांवर बसलेले आम्ही वडीलधारे माना डोलावत होतो. त्या मान डोलावण्याचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख.

आमच्या पिढीतील पुष्कळांना हा प्रकार म्हणजे कालपरवाची परदेशी टूम वाटते. लेखक ठरल्या दिवशी लेख लिहितो आणि ज्यांनी स्वखुशीने आपला पत्ता दिला त्यांच्याकडे तो थेट जातो. मध्ये संपादक नाही, छापखाना नाही, विक्रेता नाही. २०१७ साली अमेरिकेत निघालेल्या सबस्टॅक या कंपनीने अशा पत्रांच्या वर्गणीची सोय करून दिली. वर्गणीतला दहा टक्के भाग ती स्वतःकडे ठेवते, पैसे वळते करण्याचा आकार निराळा. तंत्र नवे आहे, हे मान्य. पण कल्पना नवी आहे काय? १८७४ च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली, तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. नोकरी सांभाळून जवळजवळ एकहाती लिहिलेले हे मासिक सात वर्षांत चौऱ्यांशी अंकांपर्यंत गेले. त्यांची सारी मते आम्हांस ग्राह्य वाटतात असे नव्हे. जोतीराव फुले आणि लोकहितवादी यांच्यावरील त्यांची टीका आज आम्हांस अन्यायाची वाटते. तथापि एक लेखक, एक लेखणी आणि पैसे मोजून ती वाट पाहणारा वाचक, हा संसार मराठीने दीडशे वर्षांपूर्वी थाटून दाखविला आहे. आज आमच्या मुलांना तो परक्या भाषेतील पुस्तिकांतून शिकावा लागतो, हे आमच्या विस्मरणशक्तीचे यश होय.

आता त्या जपाकडे वळू. संख्या म्हणजे नेमके काय? फेसबुकावर अथवा ट्विटरवर जमलेली गर्दी लेखकाची नसते, ती त्या घरमालकाची असते. २०२३ च्या एप्रिलमध्ये ट्विटरने सबस्टॅकचे दुवे असलेल्या मजकुराला पसंती देणे, तो पुढे पाठविणे यांवर काही काळ निर्बंध घातले; तेथे वर्षानुवर्षे वाचक जमविलेल्या लेखकांना आपण भाडेकरू आहोत हे त्या दिवशी कळले. त्याच कंपनीने २०२१ साली रेव्ह्यू नावाची ई-पत्रांची सेवा विकत घेतली आणि २०२३ च्या जानेवारीत ती बंदही केली. टायनीलेटर ही लहान लेखकांची आवडती सेवा २०२४ च्या फेब्रुवारीत संपली. या पडझडीतून ज्यांनी वाचकांच्या पत्त्यांची यादी आपल्याजवळ उतरवून ठेवली होती तेच दुसऱ्या दारातून पुन्हा बाहेर पडू शकले. म्हणजे लेखकाची खरी मिळकत ती यादी. आपल्या आजोबांच्या मासिकांची भिस्त ज्या वर्गणीदारांच्या वहीवर असे, तीच ही वही. दोन तासांच्या व्याख्यानात या वहीचा उल्लेख एकदाही झाला नाही.

बरे, जी संख्या दाखविली जाते ती तरी खरी असते काय? 'इतक्या लोकांनी पत्र उघडले' हा आकडा पत्रात दडविलेले एक बारीकसे चित्र वाचकाच्या यंत्रावर उतरले की नाही यावरून काढतात. २०२१ च्या सप्टेंबरपासून ॲपलच्या मेलमध्ये अशी सोय आली की ती स्वीकारणाऱ्याकडे हे चित्र, वाचकाने पत्राला बोट लावले नसले तरी, आधीच उतरवून घेतले जाते. न वाचलेले पत्रही वाचलेल्यांत मोजले जाऊ लागले. अशा आकड्यासाठी शीर्षकात भडकपणा आणणे म्हणजे रिकाम्या नाट्यगृहात ध्वनिमुद्रित टाळ्या वाजवून नटाने स्वतःच वाकून नमस्कार करण्यासारखे आहे.

परंतु सर्वांत घातक उपदेश फुकटपणाचा. तो आम्हांस का झोंबला ते सांगतो. आमच्याच गावातील एका जुन्या घरातली एक मुलगी तीन वर्षे दर पंधरवड्याला असे पत्र लिहीत होती. घरातील मोडी कागद, माजघरात टिकून राहिलेले आणि पुण्या-मुंबईत विसरले गेलेले शब्द, लग्नपत्रिकांची बदलत गेलेली भाषा, हे तिचे विषय. बडोद्यात दांडिया बाजार आणि रावपुरा येथील कित्येक घरांतून ती पत्रे वाचली गेली. वाचली कशी? कुणीतरी एकाने मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर टाकावा, दुसऱ्याने खालचे तिचे नाव गाळून तो पुढे धाडावा आणि तिसऱ्याने 'अप्रतिम! आमच्या आजीची आठवण झाली' असे लिहावे. आमच्या या पत्रिकेनेही तिचे दोन लेख घेतले. मानधन दिले नाही, सत्काराला शाल मात्र दिली. मग तिने वर्षाला तीनशे रुपये वर्गणी ठेवली. कौतुक करणारे एकाएकी मूक झाले. 'सरस्वती विकतेस काय?' असे तिला विचारणारे गृहस्थ त्याच आठवड्यात नातवाच्या वाढदिवसाच्या केकवर तिच्या चार वर्षांच्या वर्गणीइतके रुपये खर्चून आले होते. गेल्या चैत्रात तिने पत्र थांबविले. त्या कागदांतील मोडी वाचणारे तिच्या घरात आता एकच माणूस आहे, आणि त्यांचे वय शहाऐंशी आहे. ही हानी कोणत्याही आकड्यात मोजली जाणार नाही.

आमच्यासारख्या बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसाला हा धडा निराळा शिकवावा लागू नये. गायकवाड, होळकर, शिंदे यांच्या आश्रयाने आमच्या नगरांत मराठी वाढली. बडोद्यात १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन साहित्यसंमेलने भरली. १९३२ च्या कोल्हापूर संमेलनाचे अध्यक्षपद स्वतः सयाजीरावांनी भूषविले. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि राजाश्रय संपला. पुढे आम्ही लोकाश्रय म्हणून जे उभारले त्याचा अर्थ बहुधा एवढाच राहिला की लेखकाने द्यावे आणि आम्ही कार्यक्रमाला यावे. सभागृहाच्या भाड्याला, ध्वनिक्षेपकाला आणि अल्पोपाहाराला आमच्या अंदाजपत्रकात रक्कम असते. लिहिणाऱ्यासाठी स्तंभच नसतो. ही सवय आम्हीच लावली. बाहेरून आलेल्या वक्त्यांनी तिला फक्त व्यवस्थापनशास्त्राची भाषा पुरविली.

प्रतिपक्ष म्हणेल, मग वाढूच नये काय? चार डोक्यांसाठी लिहून लेखकाने उपाशी मरावे काय? आक्षेप रास्त आहे. वाचक हवेतच, आणि आज आहेत त्याहून अधिक हवेत. आमचे म्हणणे क्रमाविषयी आहे. समजा, दोनशे वाचकांनी वर्षाला पाचशे रुपये दिले, तर एक लाख रुपये होतात. त्यावर घर चालणार नाही. पण लेखकाचा प्रवास, पुस्तके, जुने कागद उतरवून घेण्याचा खर्च आणि महिन्यातील काही मोकळे दिवस एवढे त्यातून खात्रीने निघते. वीस हजारांची फुकट गर्दी यांतले काहीच देत नाही. उलट तिला टिकविण्यासाठी रोज काहीतरी फेकत राहावे लागते, आणि ज्या अभ्यासासाठी पत्र सुरू केले तो अभ्यासच पहिल्यांदा सुटतो. भाषेच्या भेसळीचेही तसेच. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, पणजी येथील मराठी वाचक एकमेकांपासून दूर आहेत, थोडे आहेत. परंतु ते मराठीसाठीच येतात. ज्या कारणासाठी ते दार उघडतात तेच पातळ करून बाजार वाढत नसतो, होता तो वाचक मात्र जातो.

या विखुरलेपणावर ई-पत्रासारखा उतारा आजवर आपल्या हाती आला नव्हता. टपालाने पाठविलेला अंक गहाळ झाला म्हणून तक्रार करीत आमची निम्मी पत्रव्यवहाराची वही भरली आहे. येथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आणि हैदराबादच्या काचीगुड्यातील वाचकाला तेच पत्र एकाच क्षणी मिळते. वाढ व्हायची ती अशी व्हावी : बडोद्याच्या लेखकाने इंदूरच्या लेखकाची शिफारस आपल्या वाचकांना करावी, एका वर्गणीदाराने दुसरा आणावा, आणि ज्या आजोबांना पडदा वाचवत नाही त्यांना नातीने ते पत्र मोठ्याने वाचून दाखवावे. अशी वाढ संथ असते, पण लेखकाला लाचार करीत नाही.

तेव्हा उपदेश तरुणांना पुरे झाला. आता थोडा आपल्यालाच. वाचकहो, आपल्या ओळखीच्या एका स्वतंत्र मराठी लेखकाची वर्गणी या तिमाहीत भरा. त्याचा मजकूर पुढे पाठवायचा असेल तर नावासह आणि पत्त्यासह पाठवा. आणि आमच्या संस्थांच्या कार्यकारिणींनी पुढील अंदाजपत्रकात मानधनाचा स्तंभ घालावा, मग त्यात रक्कम कितीही लहान असो. आरंभ म्हणून, आम्ही छापलेल्या त्या दोन लेखांचे मानधन त्या मुलीला विलंबाने का होईना, पण पाठवीत आहोत. शालीची पावती आमच्याकडे आहे. लेखांची पावती फाडायची राहिली होती.