होडीतला बर्फ आणि भाकरी

दिवाळी उलटून खाडीवरचा वारा जरासा हलका झाला, की गोडदेव, नवघर, खारी या आमच्या पूर्वेकडील वस्त्यांतून सुटीच्या दिवशी सकाळी जी कुटुंबे भाईंदर पश्चिमेच्या धक्क्याकडे, उत्तनच्या किनाऱ्याकडे किंवा खाडीपलीकडून अर्नाळ्याच्या किल्ल्याला जाणाऱ्या होडीकडे निघतात, त्यांच्या सामानात अलीकडे एक नवा जिन्नस हटकून दिसतो : जाड झाकणाचा, दोघांनी दोन कड्या धरून उचलावा असा आइस बॉक्स. त्यात पाण्याच्या बाटल्या, ताक, कापलेली फळे, मसाला लावलेली कोंबडी, पाव, चटणी आणि या सर्वांच्या डोक्यावर ओतलेला फोडीव बर्फ, अशी एक खचाखच भरलेली एकत्र कुटुंबपद्धती नांदत असते. आणि माध्यान्ही किल्ल्याच्या तटाखाली झाकण उघडले, म्हणजे पावाचा लगदा झालेला, चटणीत पाणी शिरलेले आणि कच्च्या कोंबडीच्या पिशवीतून झिरपलेला रस कलिंगडाच्या फोडींपर्यंत पोहोचलेला, असा देखावा पुष्कळदा दृष्टीस पडतो. तरीही गृहस्थ समाधानाने सांगतात की सर्व काही थंडगार आहे. त्यांचे म्हणणे खोटे नसते. परंतु थंड ठेवणे आणि टिकवणे ही दोन निराळी खाती आहेत, आणि त्यांचा कारभार एकाच दप्तरात घातल्याने दोहोंची नासाडी होते, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे.

या विषयाचा थोडा हिशेब मांडला पाहिजे, कारण आपल्याकडे बर्फाविषयी भाविकता फार आणि मोजमाप थोडे. शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे 80 कॅलरी उष्णता शोषून घेतो, आणि हेच त्याचे सर्व सामर्थ्य होय. आता बाजारातून आणलेली, 30 अंश तापमानाची एक लीटर पाण्याची बाटली पाच अंशांपर्यंत उतरवावयाची, तर तिच्यापायी तीनशे ग्रॅमहून अधिक बर्फ खर्ची पडतो. अशा तीन बाटल्या म्हणजे जवळजवळ एक किलो. होडी धक्का सोडते न सोडते तोच पेटीतला बर्फ निम्मा झाला म्हणून जे लोक पेटीच्या कंपनीला बोल लावतात, त्यांनी आदल्या रात्री त्या बाटल्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवण्याची तसदी घेतली असती, तर तक्रारीस जागाच राहिली नसती.

झाकणाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. समुद्रावरची दमट हवा चाळीस लीटरच्या पेटीत एकदा भरली, की ती हवा गार करण्यास चार-एक ग्रॅम बर्फ लागतो. पण त्या हवेत जी ग्रॅमभर वाफ असते, तिचे पेटीच्या थंड अंगावर पाणी होताना जी उष्णता बाहेर पडते ती आणखी पाच-सहा ग्रॅम बर्फ वितळवून जाते. एकेका वेळी हे नुकसान क्षुल्लक आहे, हे मी मान्य करतो. तथापि त्यात निम्म्याहून अधिक वाटा ओलीचा आहे, आणि ती ओल बर्फ खाऊन नाहीशी होत नाही, तर पेटीतच राहून पावावर, भाकरीवर आणि कागदात बांधलेल्या फरसाणावर जाऊन बसते. सोलापूर-नगरकडे उन्हाळ्यात माठातले पाणी जसे निववते तसे ते आमच्या खाडीकाठी निववत नाही, त्याचेही कारण हेच : हवा आधीच ओलीने तृप्त असल्यामुळे माठाच्या अंगावरचे पाणी तिला नकोसे असते. तेव्हा देशावरच्या माणसाने सांगितलेला ओल्या फडक्याचा उपाय किनाऱ्यावर आंधळेपणाने योजू नये. येथे ओले फडके बहुधा ओलेच राहते.

बर्फाला कोरडेपणाची किती गरज असते, याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच बंदरांच्या इतिहासात आहे. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने 1833 साली तळ्यांतून कापलेल्या बर्फाच्या लाद्या टस्कनी नावाच्या जहाजात भरून कलकत्त्यास पाठविल्या. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून सुमारे चार महिन्यांनी ते जहाज पोहोचले, तेव्हा निघताना घेतलेल्या सुमारे 180 टनांपैकी 100 टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता. लवकरच मुंबईतही असा बर्फ उतरू लागला, आणि साहेबलोकांच्या व शेठियांच्या पंगतीस तो मिरवू लागला. या व्यापाराची किल्ली कोणत्याही यंत्रात नव्हती. ती लाकडाच्या भुशात होती. लाद्या एकमेकींना घट्ट लावून रचावयाच्या, भोवती भुसा ठासावयाचा, आणि वितळलेले पाणी खाली निथळून जाईल अशी तजवीज ठेवावयाची. कारण भुसा भिजला की त्याच्या कणांत अडकलेल्या हवेची जागा पाणी घेते आणि उष्णतेला वाट मोकळी होते. त्या काळच्या खलाशांना थर्मोडायनॅमिक्स ठाऊक असण्याचे कारण नव्हते, परंतु बर्फाचा शत्रू उन्हाइतकाच त्याचे स्वतःचे पाणी आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

पुढे कृत्रिम बर्फाचे कारखाने निघाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेचा हा व्यापार लयास गेला. आज किनाऱ्यावरच्या कारखान्यांतून ज्या लाद्या निघतात, त्या मिठाच्या कडक पाण्यात बुडविलेल्या डब्यांमध्ये गोठविलेल्या असतात, कारण मिठाचे पाणी शून्याच्या पुष्कळ खाली गेले तरी गोठत नाही. ज्या भाईंदरची ओळख रेल्वेच्या प्रवाशांना वर्षानुवर्षे मिठागरांच्या पांढऱ्या राशींवरून पटत आली, तेथे मीठ आणि बर्फ यांचे हे सख्य नोंदविल्यावाचून राहवत नाही. मात्र घरच्या पेटीत बर्फावर मीठ टाकण्याचा जो सल्ला कोणी ना कोणी शहाणा देतोच, तो मानू नये. आइस्क्रीमच्या पॉटात मीठ हवे, कारण तेथे थोड्या वेळात कडक थंडी पाहिजे. सहलीच्या पेटीत बर्फ सायंकाळपर्यंत पुरवावयाचा असतो, आणि मीठ त्याला भराभर वितळवते.

आता खऱ्या जाणकारांकडे वळू. उत्तन, पाली, चौक या आमच्या शहराच्या पश्चिम टोकावरच्या कोळीवाड्यांतून ज्या बोटी दर्यात जातात, त्यांच्यावर बर्फ हा चैनीचा पदार्थ नसून भांडवलाचा भाग आहे. मासळी ठेवण्याच्या कप्प्यात तळाशी बर्फाचा थर, त्यावर मासळी, पुन्हा बर्फ, अशी रचना असते; आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात किलोभर मासळीस साधारण किलोभर बर्फ असे प्रमाण जाणकार सांगतात. वितळलेले पाणी रक्त आणि घाण घेऊन खाली उतरते, म्हणून ते मासळीत साचू देत नाहीत. ही काळजी निव्वळ भाव मिळावा एवढ्यासाठीच आहे, असे समजू नये. बांगड्यासारखी मासळी उन्हात तापली, तर तिच्यात जंतूंच्या कृतीने हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते, आणि ते मग कितीही शिजवले तरी नष्ट होत नाही. खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, अंगावर गांध्या उठतात, डोके ठणकते, आणि दोष बिचाऱ्या स्वयंपाकिणीच्या माथी येतो.

परंतु त्याच बोटीवर तांडेल आणि खलाशी स्वतः काय खातात, याकडे सहलीस जाणाऱ्यांचे लक्ष जात नाही. तांदूळ, पीठ, कांदे, मसाला, सुकी मासळी हा शिधा बर्फापासून दूर, कोरड्या जागी, घट्ट झाकणाच्या डब्यांत असतो. बर्फ माशाचा, कोरडा डबा माणसाचा, ही वाटणी कोणा सरकारी हुकमाने झालेली नाही. ती दर्यानेच शिकविली आहे. बांबूंच्या वलांडीवर वाळणारे बोंबील पाहिले, म्हणजे ज्या लोकांना बर्फ सुलभ नव्हता त्यांनी पदार्थातले पाणीच काढून घेऊन जंतूंची उपासमार केली, ही युक्ती किती खोलवरची होती ते ध्यानात येते.

म्हणून मला वाटते की होडीच्या सहलीची शिदोरी बांधताना पहिला विचार पेटीचा न करता डब्याचा करावा. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, लोणचे, दशम्या, उत्तनच्या ख्रिस्ती घरांतून तळले जाणारे फुगे, साल न काढलेली फळे, यांपैकी कशालाही बर्फाची गरज नाही. त्यांना फक्त पाण्याचा स्पर्श नको. बर्फाची गरज ज्यांना खरोखर आहे, असे पदार्थ थोडेच असतात : दूध, दही, शिजविलेले मांस, उकडलेली अंडी आणि विशेषेकरून शिजविलेला भात, जो निरुपद्रवी दिसतो आणि तसा नसतो. अन्न पाच अंशांच्या खाली किंवा साठ अंशांच्या वर असावे, मधला प्रदेश जंतूंच्या वाढीस अनुकूल, हा सरकारी नियम आहे, आणि आमच्या हवेचे तापमान वर्षभर त्या मधल्या प्रदेशातच मुक्काम करून असते. हे मोजके पदार्थ घरून गार करून, घट्ट झाकणांच्या डब्यांत, फोडीव बर्फाऐवजी एका अखंड ढेपेशेजारी ठेवावेत, कारण मोठ्या ढेपेस वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी असल्यामुळे ती सावकाश वितळते. घरीच बाटलीत गोठविलेले पाणी तर याहून उत्तम : ते वितळले तरी बाहेर येत नाही, आणि परतीच्या वाटेवर पिता येते. कच्चे मांस मात्र नेऊच नये. किल्ल्यावर चूल मांडण्याचा उत्साह मी समजू शकतो, परंतु हात धुण्यास जेथे स्वच्छ पाण्याची खात्री नाही, तेथे त्या उत्साहास आवर घातलेला बरा.

बर्फाचे पाणी काढून टाकावे की राहू द्यावे, याविषयी होडीवर वाद होतात. पेटीत केवळ बंद बाटल्या असतील, तर ते बर्फगार पाणी राहू द्यावे, कारण त्यात बुडालेली बाटली हवेतल्यापेक्षा लवकर निवते. अन्नाचे डबे असतील, तर बेलाशक काढावे. आणि भाईंदरहून वसई किल्ल्याच्या धक्क्यापर्यंत 2024 साली सुरू झालेल्या रो-रो बोटीने ज्यांना फक्त पलीकडे जाऊन लगेच परतावयाचे आहे, त्यांनी हा सर्व खटाटोप करू नये. त्या पाव तासाच्या प्रवासात दोघा जणांनी ओढत आणलेली भली मोठी पेटी पाहून मला पेटीपेक्षा त्या दोघांचीच अधिक दया येते.

खरी चिंता निराळीच आहे. धक्क्याजवळ जो बर्फ सहज मिळतो, तो बहुधा मासळीसाठी केलेला असतो. तो पिण्याच्या पाण्याचा असेलच, याची हमी कोण देणार? सरबते आणि गोळे यांतून असा बर्फ लोकांच्या पोटात जातो, हे ध्यानात आल्यावर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 साली खाद्य नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचे फर्मान काढले. योजना उत्तम होती, कारण तिच्यात निरक्षरासही कळणारी ताकीद होती : पांढरा बर्फ पोटात जाऊ शकतो, निळा फक्त बाहेरून गारवा देण्यास. परंतु ज्या नियमाचे मर्म डोळ्यांना दिसण्यात आहे, तो डोळ्यांना दिसतो का, हे पाहण्यास कोणी फिरकलेले दिसत नाही. मी ज्या टपऱ्यांवरून बर्फ घेतला, तेथे निळा खडा एकदाही नजरेस पडला नाही, आणि विचारल्यावर विक्रेत्याने माझ्याकडे अशा करुणेने पाहिले की पुढचा प्रश्न विचारण्याचे धैर्य झाले नाही.

महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड धक्के बांधते, महापालिका तेथपर्यंतचे रस्ते सांभाळते, अन्न प्रशासन परवाने देते. मग या तिघांच्या हद्दी जेथे मिळतात त्या धक्क्याच्या तोंडाशी पिण्यायोग्य बर्फाचे एक अधिकृत दुकान, पिण्याच्या पाण्याचा एक चालू नळ आणि फुटक्या थर्माकोलच्या डब्यांसाठी एक कुंडी ठेवण्यास कोणत्या कलमाची हरकत आहे, हे समजत नाही. तिवरांच्या मुळांत अडकलेले थर्माकोलचे पांढरे तुकडे भरतीच्या वेळी होडीतून कोणालाही दिसतात. स्वस्त पेटी एका सहलीत फुटते, आणि तिचे कण खाडीतून कोण वेचणार, हा प्रश्न विकणाराही विचारत नाही आणि घेणाराही. दर मोसमाच्या आरंभी तरी निरीक्षकांनी दोन-चार सकाळी या बाजूस येऊन टपऱ्यांवरचा बर्फ कोणत्या रंगाचा आहे, एवढे पाहून जावे.